तीन निळ्या वाट्या

आमच्या तेल कारखान्यात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. हुद्दा 'वास व चव परीक्षक' असा होता, पण तो फक्त त्यांच्या ओळखपत्रावर. मी डिस्पॅच विभागात एकतीस वर्षं आहे. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, तेलातलं मला काही कळत नाही. मात्र त्यांची सही झाल्याशिवाय माझ्या दारातून एकही डबा बाहेर पडत नसे. त्यामुळे रोज सकाळी साडेनऊला मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभा असे आणि ते आतून म्हणत, "डिस्पॅच, जरा दम धरा. तेल पळून जात नाही."

ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मीही त्यांना मारली नाही.

त्यांची खोली लहान, पांढरी आणि बिनवासाची होती. खिडकीला दुहेरी काच. फरशी पुसायची ती साध्या पाण्याने. आत जाताना मी चहा प्यायलेलो असलो तर ते हाताने खूण करून मला दाराबाहेरच थांबवत. टेबलावर जाड निळ्या काचेच्या वाट्या झाकणं घालून ठेवलेल्या असत. निळ्या अशासाठी, की तेलाचा रंग दिसू नये. रंग दिसला की नाक आळशी होतं, असं त्यांचं म्हणणं. वाटी दोन्ही तळव्यांत धरून उबवायची, झाकण सरकवायचं, एक छोटा श्वास घ्यायचा आणि लगेच झाकायची. मग सफरचंदाची फोड, कोमट पाणी आणि पुढची वाटी.

संशय आला की तीन वाट्यांची परीक्षा. नमुने कोणते ते परीक्षकाला सांगायचं नाही, चिठ्ठ्या वाटीच्या बुडाशी उलट्या चिकटवायच्या, आणि निकाल कागदावर लिहिल्याशिवाय वाटी उचलायची नाही. निकालाचे शब्द ठरलेले होते. ताजं, थकलेलं आणि खवट. ताजं पुढे जाई. थकलेलं पुन्हा शुद्ध करायला मागे जाई. खवट साबणवाल्याकडे. बाकी कुठलाच शब्द त्यांना चालत नसे. एकदा एका केमिस्टने 'किंचित खवट' असं लिहिलं. नाकसाहेबांनी कागद परत पाठवला आणि शिपायाकडून निरोप दिला, "त्यांना विचार, किंचित मेलेला माणूस कधी पाहिलाय का?"

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. अकरा दिवस ते घरी होते. बाराव्या दिवशी आले, खोलीत बसले, वाट्या घेतल्या. साडेनऊ वाजले, दहा वाजले. मी दारात उभा. आतून 'दम धरा' आलं नाही. थोड्या वेळाने ते स्वतः बाहेर आले, माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा घेतला आणि म्हणाले, "आज सही करत नाही. मोठ्या साहेबांकडे जाऊन येतो."

त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं, की मला काहीच वास येत नाही. निवृत्तीला चौदा महिने होते. गप्प राहून प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या आकड्यांवर सह्या केल्या असत्या तर बहुधा कुणाला कळलंही नसतं. साहेब चांगले निघाले. त्यांनी नाकसाहेबांना लेबल विभागात टेबल दिलं. डब्यावरचा मजकूर बरोबर छापलाय की नाही ते वाचायचं. कँटीनमध्ये एकजण म्हणाला, "नाकावरून डोळ्यांवर आले." त्यावर सगळ्यांत मोठ्याने नाकसाहेबच हसले.

आमच्या घराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. एकच मुलगी, ती परदेशात. मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायला लागलो ते या तापानंतर. त्याआधी कारखान्यातल्या ओळखीपलीकडे आमचं जाणंयेणं नव्हतं. माझी बायको म्हणाली, "भाऊजी एकटे आहेत, जाऊन बसा जरा. इथे नुसता पेपरच वाचत बसता."

पहिल्या रविवारी गेलो तेव्हा ते जेवणाच्या टेबलापाशी चार छोट्या बरण्या मांडून बसले होते. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज दोनदा हे वास घ्या, प्रत्येकी वीस सेकंद, आणि वास घेताना तो वास आठवा.

"आठवतो का?" मी विचारलं.

"आठवतो. येत नाही." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "तुमच्या लहानपणीच्या शाळेचा पत्ता तुम्हाला आठवतो ना? तिथे पत्र टाकून बघा."

मग त्यांनी मला ई जीवनसत्त्वाबद्दल सांगितलं. त्यांच्या आयुष्यात तो विषय नवा नव्हता. सूर्यफुलाच्या बियांतच ई असतं, पण तेल शुद्ध करताना ते तापवून त्याचा वास काढतात, त्यात बरंचसं ईही निघून जातं. म्हणून शेवटी ते वरून घालावं लागतं. मधासारखं दाट, तपकिरी. मी त्याची लहान पिंपं कित्येकदा उतरवून घेतली होती. आत काय करतं ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"हवेने तेलातला एक कण बिघडतो," ते म्हणाले. "तो शेजारच्याला बिघडवतो, तो त्याच्या शेजारच्याला. आपल्या कँटीनमधल्या अफवेसारखं. ई काय करतं, मध्ये उभं राहतं, ती अफवा ऐकून घेतं आणि पुढे सांगत नाही. त्यात ते स्वतः संपतं. म्हणून त्याला अँटिऑक्सिडंट म्हणायचं."

"आपल्याकडे असा एकही माणूस नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर विकत आणावं लागतं." ते पुढे म्हणाले, "शरीरातही हेच. पेशीचं जे कवच असतं ना, ते चरबीचं असतं. म्हणजे तेलच समजा. ताप आला, नाकात सूज आली, की शरीराचे शिपाई जंतूंवर आग टाकतात. त्या आगीत शेजारच्या आपल्याच पेशी होरपळतात. कवचातलं तेल खवट होतं म्हणा. तिथे ई बसलेलं असतं ते सांभाळायला. माझ्या नाकात पुरेसं नसणार."

टेबलावर कॅप्सूलची बाटली होती. डॉक्टरांनी दिली का, असं मी विचारलं. त्यांनी बाटली बरण्यांच्या मागे सरकवली.

डॉक्टरांनी दिली नव्हती. ते मला दीड महिन्यानंतर कळलं, जेव्हा दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना आणि मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. हृदयासाठी ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होते. वरून ईच्या मोठ्या कॅप्सूल, दिवसाला तीन.

डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, हे जेवणातून मिळतं तेवढं बहुतेकांना पुरतं. जास्त घेतलं म्हणून जास्त राखण होत नाही. आणि तुमच्या गोळीबरोबर तर हे धोक्याचं आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. हा माझा धंदाच आहे."

"नाक परत येईल?" मी मध्येच विचारलं.

"येऊ शकतं. वर्ष लागू शकतं. नाहीही येणार. मी खोटा धीर देत नाही."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाई चांगली आहे. आपल्याकडे असती तर माझ्या जागेवर बसवली असती."

त्या दिवशी परत येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. दम लागला म्हणून असेल असं मला वाटलं. ते म्हणाले, "डिस्पॅच, मला वर्षभर थांबायला वेळ नाही. मुलगी पुढच्या महिन्यात येतेय."

वर गेल्यावर त्यांनी कपाटातून एक बाटली काढली. गडद तपकिरी काच, बूच, त्याच्यावर मेण. आत चारेक बोटं तेल. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, स्वतः बनवत ते तेल, बदामाच्या तेलात वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि लिंबाची साल मुरवून. आयुष्यभर केसांना तेच लावलं. त्या गेल्या तेव्हा बाटली अर्धी होती. मुलगी जाताना थोडं घेऊन गेली, ते तिकडे संपलं. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि शेवटी ती विचारते, "बाबा, आईची बाटली बरी आहे?" हे बूच काढून वास घेत आणि सांगत, "आहे. तशीच आहे."

"आणि तापानंतर?" मी विचारलं.

"तसंच सांगतो. तिला नाकाचं सांगितलेलं नाही." त्यांनी बाटली दिव्यासमोर धरली, जणू काही दिसणार होतं. "एवढी वर्षं मी खवट तेल कुणाच्या घरी जाऊ दिलं नाही. आता स्वतःच्या पोरीला दर आठवड्याला न तपासता पास करून देतोय. ती येईल, पहिल्यांदा हेच उघडेल. त्याआधी मला कळलं पाहिजे."

"द्या इकडे. मी सांगतो."

"असं नाही," ते म्हणाले. "तुम्ही भला माणूस आहात. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

त्यांनी तीन आठवडे मागितले. कारण नंतर कळलं. मला परीक्षेला बसवायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी वहिनींच्या पद्धतीने नवं तेल मुरायला घातलं होतं, तीच पाकळी, तीच साल. त्याशिवाय आणखी एक बशीभर तेल पाकळ्यांसकट गच्चीवर उन्हात उघडं ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रारही केली, की वर काय सडतंय. त्यांना म्हणे फार आनंद झाला. दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाला कळलं होतं.

ठरलेल्या रविवारी सकाळी माझ्या बायकोने मला चहाच दिला नाही. "परीक्षा आहे ना तुमची? जा तसेच. स्वयंपाक करपला तरी ज्यांना कळत नाही त्यांना तेल हुंगायला बोलावतात, म्हणजे भाऊजींची कमालच आहे."

टेबलावर कारखान्यातल्या तीन निळ्या वाट्या होत्या. त्या त्यांनी साहेबांकडून रीतसर मागून आणल्या होत्या. सफरचंदाच्या फोडी, कोमट पाणी, कागद, पेन्सिल.

"नीट ऐका," ते म्हणाले. "एकीत नवं ताजं आहे. एकीत मी मुद्दाम खवट केलेलं. एकीत तिचं. कोणतं कुठे, ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायला जाल तर पकडले जाल." मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येऊ नये.

मी पहिली वाटी तळव्यांत धरली. झाकण सरकवलं. लिंबू, गुलाब, स्वच्छ. अडाण्यालाही कळावं असं ताजं.

सफरचंद. पाणी. दुसरी वाटी. झाकण सरकताच मी डोकं मागे घेतलं. जुना रंगाचा डबा, बंद पेटीतला ओला पुठ्ठा. खवट. तिथे दुसरा शब्दच नव्हता.

तिसरी उघडताना मी मनात म्हणत होतो, ही चांगली निघू दे. तीही खवट होती.

दोन खवट म्हणजे वहिनींचं खवट, एवढं तर्कशास्त्र मला येत होतं. फक्त दोहोंतलं त्यांचं कोणतं ते माहीत नव्हतं. मी तिसरीचा पुन्हा वास घेतला. खवटाच्या आत कुठेतरी फूल होतं. दुसरीत ते नव्हतं. मला वाटलं, फूल आहे ती वहिनींची. मी समोर पाहिलं. त्यांची पाठ ताठ होती आणि सदऱ्याची कॉलर मानेपाशी उलटी दुमडलेली. सकाळपासून ती नीट करायला घरात कुणी नव्हतं.

"झालं का, डिस्पॅच?"

"पहिलं ताजं," मी म्हणालो. "दुसरं खवट. तिसरं... थकलेलं."

"लिहा."

मी लिहिलं. ते उठले, टेबलापाशी आले, तिसरी वाटी उचलून उलटी केली आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली. 'गच्ची' असं लिहिलं होतं.

"हे तीन आठवडे उन्हात होतं," ते म्हणाले. "खालच्या बाईंना दोन मजले चढून वर यावं लागलं याच्यामुळे. हे थकलेलं?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"पाकळ्या नव्या होत्या, म्हणून फूल लागलं असेल. तुम्ही तो शब्द तिच्यासाठी खर्च केलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते दुसऱ्या वाटीकडे वळले. तिची चिठ्ठी त्यांनी काढली नाही. काढायची गरजही नव्हती. मग वाटी माझ्याकडे सरकवली. "पुन्हा एकदा घ्या. खवटाच्या खाली काही आहे का बघा. कधीकधी असतं."

मी घेतला. एकदा, आणि थांबून परत एकदा. माझ्या आयुष्यात मी इतक्या मनापासून कशाचा वास घेतला नसेल.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही. नुसतं खवट."

"हं. हा निकाल बरोबर." त्यांनी पेन्सिल घेऊन माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीतला 'थकलेलं' खोडला, वर 'खवट' लिहिलं आणि खाली सही केली. सवयीने.

आम्ही वाट्या धुतल्या. धुता धुता त्यांनीच सांगितलं. दर वर्षी वहिनींच्या जाण्याच्या दिवशी ते बाटलीत ईचा एक थेंब घालत. मोजून, तेलाच्या वजनाच्या प्रमाणात बसेल तेवढाच. आठ वर्षं तेल उत्तम होतं, त्यांच्या स्वतःच्या नाकाने पास केलेलं. ताप येऊन गेला, वास कळेना, तशी भीती वाटायला लागली. मग दर आठवड्याला एक कॅप्सूल फोडून आत. कधी दोन.

"मग ते टिकायला हवं होतं ना?" मी विचारलं.

"उलट. प्रमाणात असेल तोवर ई राखतं. फार झालं की उलटतं, स्वतःच बिघडवायला हातभार लावतं. शिवाय घालायला प्रत्येक वेळी बूच काढायचं, म्हणजे हवा." त्यांनी वाटी पालथी घातली. "नव्या केमिस्टला पहिल्या दिवशी शिकवतो मी हे. प्लांटमध्ये कुणी असं केलं असतं तर त्याला घरी पाठवला असता. मी आधीच घरी होतो."

संध्याकाळी फोन येईपर्यंत थांबा, असं ते म्हणाले. थांबलो. त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मुलीने विमानाची वेळ सांगितली, हवा विचारली, सामानात काय आणू विचारलं, आणि शेवटी नेहमीसारखं, "बाबा, आईची बाटली बरी आहे?"

"नाही गं. खवट झालंय."



"कधी?"

"मला सांगता येणार नाही. हिवाळ्यापासून मला वास येत नाही. तुला सांगितलं नव्हतं. आज डिस्पॅचकाकांनी तपासलं."

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "म्हणजे इतके महिने? बाबा, तुम्ही एकटे राहता. गॅस सुटला तर कळणार कसं तुम्हाला? दूध नासलं तर?"

"दूध दिसतं की."

"आणि गॅस? काका, तुम्ही आहात का तिथे?"

"आहे," मी म्हणालो.

"काका, तुम्ही त्यांना ओरडा जरा. माझं ऐकणार नाहीत."

"माझंही नाही ऐकत, बाळ. पण मी जवळच राहतो."

एवढंच मी म्हणालो आणि त्यातून माझं काम ठरलं. कामाला जाताना सकाळी मी त्यांच्याकडे तीन मजले चढतो. ते दार उघडून बाजूला उभे राहतात. आधी दारातच थांबून गॅस. मग दुधाचं पातेलं, फ्रीजमधलं कालचं उरलेलं, सिंकखालचा कचरा. मी त्याची यादी करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, एकूण सहा बाबी. प्रत्येक बाबीला मी 'पास' म्हणतो आणि ते मान हलवतात. एकदा मी शिळ्या भाताला 'थकलेला' म्हणालो, तेव्हा त्यांनी भांडं सरळ कचऱ्यात रिकामं केलं.

मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, गॅसची घंटा बसवून गेली. ती घंटा अजून वाजलेली नाही. नाक परत आलेलं नाही. चार बरण्यांचा रियाज ते रोज करतात. मी गेलो की वीस सेकंद मोजायला लावतात.

आतल्या खोलीत जाऊन खिडकी उघडणं हीसुद्धा आता माझ्याकडेच आलेली गोष्ट. त्यांच्या पलंगावरून वाकावं लागतं. उशीच्या अभ्र्याला डोकं टेकतं त्या जागी तेलाचा गोल डाग असतो आणि त्याला खवट वास येतो, नक्की तोच, दुसऱ्या वाटीतला. अभ्रा धुतला तरी दोन दिवसांत डाग परत येतो, आणि कपाटातल्या वहिनींच्या बाटलीत आता दोनच बोटं तेल उरलंय. ही बाब यादीत नाही. मी खिडकी उघडतो, स्वयंपाकघरात परत येतो आणि सांगतो, सगळं पास आहे.